स्किझोफ्रेनियाच्या उपचारात डोपामिन समजून घेताना

माझ्या धाकट्या बहिणीला फेब्रुवारी २०२२ मध्ये स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. आज ती क्लोझापिन या औषधावर बऱ्यापैकी स्थिर आहे आणि घरून थोडे कामही करते. हा मजकूर तिने वाचला आहे, दोन ठिकाणी तो बदलून घेतला आहे आणि तिच्या संमतीनेच मी तो इथे देत आहे. निदान झाले त्या आठवड्यात मी मराठीत जे जे वाचले, त्यात ‘मेंदूतील रसायनांचा असमतोल’ यापलीकडे फारसे काही हाती लागले नव्हते. ते रसायन कोणते, ते कुठे वाढते आणि कुठे कमी पडते, गोळी त्याचे नेमके काय करते, एका गोळीने पाळी का थांबते आणि दुसरीने माणसाला एका जागी बसवत का नाही, ही उत्तरे जसजशी मिळत गेली तसतसे आमचे डॉक्टरांशी होणारे बोलणे बदलले आणि निर्णय घेताना वाटणारी भीतीही कमी झाली. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. यातले डोस आणि आकडे आमच्या घरातल्या एका रुग्णाचे आहेत. ते कुणी स्वतःला लावून घेऊ नयेत.

आम्ही साताऱ्याचे. बहीण बी.कॉम. करून एका कर सल्लागारांच्या कार्यालयात नोकरी करत होती. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर तिने आधी मैत्रिणींना भेटणे सोडले, मग ती जेवायला बाहेर येईनाशी झाली आणि गणपतीनंतर तिने नोकरीही सोडली. दिवाळीच्या सुमारास तिची एक वही माझ्या हाती लागली. गॅलरीतून दिसणाऱ्या गाड्यांचे क्रमांक तिने त्यात ओळीने लिहिले होते. एमएच ११ पुढचे चार आकडे, त्यांची बेरीज आणि बेरजेपुढे ‘हो’ किंवा ‘नाही’. मी विचारले तेव्हा ती अगदी शांतपणे म्हणाली, “ताई, त्यांना माझ्याशी थेट बोलता येत नाही म्हणून ते असं कळवतात.” ‘ते’ म्हणजे कोण, हे तिलाही सांगता येत नव्हते. पुढे महिनाभरात दोन बायकांचे आवाज ऐकू येऊ लागले. ती काय करते आहे याचे ते सतत वर्णन करत, मधूनमधून तिला नावे ठेवत.

‘बाहेरचे काहीतरी आहे’ असे सांगणारे नातेवाईक आमच्याकडेही आले. आईने अंगारा लावला, कुलदैवताला नारळ ठेवला. त्याने तिच्या मनाला आधार मिळत होता म्हणून मी त्याच्या आड आले नाही, मात्र डॉक्टरांची ठरलेली तारीख मी एकदाही पुढे ढकलू दिली नाही. ज्या घरांत हा वाद चालू असेल त्यांना एवढेच सांगते की श्रद्धेवर वाद घालण्यात जाणारे आठवडे फार मोलाचे असतात. उपचार सुरू व्हायला जितका उशीर होतो तितका प्रतिसाद कमी मिळण्याची शक्यता वाढते.

मानसोपचारतज्ज्ञांकडे पहिल्यांदा गेलो ते फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. पहिल्या भेटीची फी ८०० रुपये होती आणि भेट तासाभराची झाली. झोप कधीपासून बिघडली, गांजा किंवा दुसरे कुठले व्यसन आहे का, घराण्यात कुणाला असा त्रास होता का, फिट्स येतात का, डोक्याला मार लागला होता का, असे प्रश्न एकामागून एक आले. मी तारखांचे एक पान लिहून नेले होते, त्याचा फार उपयोग झाला. घाबरलेल्या अवस्थेत घरातले तिघे तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगत राहतात. दुसरे आजार नाहीत हे पाहण्यासाठी रक्तातील साखर, थायरॉइड, बी-१२ या तपासण्या आणि मेंदूचा एमआरआय सांगितला गेला. एमआरआयला साडेसहा हजार रुपये लागले आणि तो ‘नॉर्मल’ आला. बाबांना त्या शब्दाने आनंद होण्याऐवजी गोंधळल्यासारखे झाले, कारण सगळे नॉर्मल असेल तर हा आजार आहे तरी कुठे, हे त्यांना उमगेना.

डॉक्टरांनी त्या दिवशी कागदावर मेंदूची बाजूने दिसणारी आकृती काढली. तो कागद माझ्याकडे अजून आहे. डोपामिन हे मेंदूतल्या पेशींमध्ये संदेश पोहोचवणारे रसायन. मेंदूच्या खोल भागात ते तयार करणाऱ्या पेशींचे छोटे पुंजके असतात आणि तिथून डोपामिनचे चार मुख्य मार्ग निघतात. एक मार्ग भावना आणि प्रेरणेशी संबंधित भागांकडे जातो, दुसरा कपाळामागच्या विचार व नियोजनाच्या भागाकडे, तिसरा हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या भागाकडे, आणि चौथा, अगदी आखूड, पिट्यूटरी ग्रंथीकडे. स्किझोफ्रेनियात यातल्या काही भागांत डोपामिनचे उत्पादन आणि स्राव वाढलेला असतो, तर कपाळामागच्या भागात तो कमी पडत असावा असे पुरावे आहेत. गोळी रक्तातून सगळीकडेच पोहोचते, ती यातला एकच मार्ग निवडू शकत नाही. आमच्या पुढच्या दोन वर्षांतल्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून निघाल्या.

हे डोपामिन मोजता येते का, असे बाबांनी लगेच विचारले. रक्ततपासणीत ते कळत नाही, कारण रक्तातले डोपामिन मेंदूतल्या डोपामिनबद्दल काहीच सांगत नाही. साध्या एमआरआयतही ते दिसत नाही, तो फक्त मेंदूची रचना दाखवतो. किरणोत्सारी खूण लावलेला डोपामिनचा पूर्वपदार्थ टोचून पेट स्कॅन केला तर मेंदू किती डोपामिन बनवतो आहे याचा अंदाज येतो. मात्र स्किझोफ्रेनियात ही पद्धत संशोधनासाठी वापरली जाते, एकेका रुग्णाचे निदान तिच्यावरून होत नाही. निदान होते ते लक्षणांवरून आणि त्यांच्या कालावधीवरून. ‘मेंदूतील रसायनांची चाचणी’ करून देतो असे कुणी पैसे मागून सांगत असेल, तर आधी आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारावे.

वहीतल्या गाड्यांच्या क्रमांकांचा उलगडा मला नंतरच्या वाचनातून झाला. भारतीय वंशाचे मानसोपचारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३ मध्ये मांडले की, आपल्या आसपासच्या असंख्य गोष्टींपैकी कोणती महत्त्वाची आहे हे ठरवण्यात डोपामिनचा मोठा वाटा असतो. डोपामिन अवेळी, काही कारण नसताना स्रवू लागले की एखादी क्षुल्लक गोष्टसुद्धा अतिशय अर्थपूर्ण, जणू आपल्यासाठीच घडलेली वाटू लागते. मग मन त्या विचित्र महत्त्वाचे स्पष्टीकरण शोधते, आणि त्या स्पष्टीकरणातून भ्रम तयार होतो. हे वाचल्यावर बहिणीशी वाद घालणे मी थांबवले. गाडीचा क्रमांक तिला खरोखरच महत्त्वाचा ‘जाणवत’ होता. ती जाणीव माझ्या युक्तिवादाने पुसली जाणार नव्हती.

पहिले औषध रिस्पेरिडोन. २ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून ते तीन आठवड्यांत ४ मिलिग्रॅमवर नेले. जेनेरिक गोळ्यांचा महिन्याचा खर्च दीड-दोनशे रुपयांच्या आत होता. हे औषध डोपामिनच्या डी-२ नावाच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवर डोपामिन येऊन बसते त्या जागेवर, बसते आणि डोपामिनला तिथे काम करू देत नाही. या आजाराचा आणि डोपामिनचा संबंध कळला तोच मुळी औषधांच्या अभ्यासातून. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात क्लोरप्रोमाझिन या औषधाचा अशा रुग्णांवर उपयोग दिसून आला, तेव्हा ते कसे काम करते हे कुणालाच ठाऊक नव्हते. डोपामिन हे मेंदूतले स्वतंत्र संदेशवाहक आहे हे स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ नंतर दाखवले, त्यासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९७० च्या दशकाच्या मध्यावर टोरांटो आणि बाल्टिमोर इथल्या संशोधकांना आढळले की, जे औषध डी-२ रिसेप्टर जितके घट्ट पकडते तितका त्याचा डोस कमी लागतो.

आमच्या एका वयस्कर आप्तांनी त्या काळात सर्पगंधा देऊन पाहा असे सुचवले, तेव्हा मला आश्चर्य वाटले होते. पण सर्पगंधेचा उन्मादावर आणि रक्तदाबावर उपयोग होतो, असे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलेले आहे. तिच्यातले रेसर्पिन हे द्रव्य पेशींमधले डोपामिनचे साठे रिकामे करते, आणि कार्लसन यांनी आपले प्रयोग याच रेसर्पिनने निपचित झालेल्या सशांवर केले होते. म्हणजे आप्तांचे म्हणणे निराधार नव्हते. तरीही आम्ही ती दिली नाही, कारण रेसर्पिनने रक्तदाब उतरतो, नैराश्य येऊ शकते आणि चालू औषधांबरोबर ते घेणे धोक्याचे ठरले असते. घरच्या घरी कुठलीही मुळी चालू करण्याआधी डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे, ते रागावतील या भीतीने लपवू नये.

पहिल्या चार-पाच दिवसांत झोप सुधारली, बाकी काही नाही. गोळी रिसेप्टरवर काही तासांतच बसते. पण वर्षभर मनात रुजलेले अर्थ सुटायला आठवडे लागतात, हे डॉक्टरांनी आधीच बजावले होते म्हणून आम्ही धीर धरला. मार्चअखेर वही बंद झाली. आवाज मात्र राहिले, कमी झाले पण थांबले नाहीत.

मे महिन्यात तिची पाळी चुकली, जूनमध्येही आली नाही, आणि एके दिवशी तिने मला आत बोलावून कुर्त्यावरचा ओला डाग दाखवला. छातीतून दूध येत होते. ती इतकी घाबरली होती की या शरीरातही आता दुसरेच कुणीतरी राहते आहे असे तिला वाटू लागले. ज्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलो, तिथे पहिली तपासणी गर्भधारणेची सांगितली गेली. वैद्यकीय दृष्टीने ते बरोबरच होते, पण अविवाहित मुलीच्या आईसमोर ते ज्या आवाजात सांगितले गेले त्याने आई दोन दिवस जेवली नाही. खरे कारण मानसोपचारतज्ज्ञांनी फोनवर एका वाक्यात सांगितले. पिट्यूटरीकडे जाणाऱ्या त्या आखूड मार्गावरचे डोपामिन एरवी प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला दाबून ठेवते. रिस्पेरिडोनने तिथलाही डी-२ रिसेप्टर अडवला आणि प्रोलॅक्टिनवरचा तो दाब निघून गेला. रक्ततपासणीला पाचशे रुपये लागले. स्त्रियांमध्ये साधारण २५ पर्यंत असणारे प्रोलॅक्टिन तिच्यात १०० च्या पुढे गेले होते.

हा परिणाम कितीतरी स्त्रिया लाजेपोटी सांगत नाहीत आणि मग गुपचूप गोळी बंद करतात. म्हणून स्पष्ट लिहिते. रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड यांसारख्या औषधांनी प्रोलॅक्टिन वाढणे नेहमीचे आहे, ते औषध बदलल्यावर बहुधा उतरते, आणि दीर्घकाळ वाढलेले राहिले तर हाडांवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे ते सांगणे गरजेचे आहे. औषध सुरू करण्यापूर्वीच प्रोलॅक्टिनची एक नोंद घेऊन ठेवली तर पुढे तुलना करता येते.

जुलै २०२२ मध्ये डॉक्टरांनी हळूहळू अरिपिप्राझोलवर आणले. हे औषध डी-२ रिसेप्टरवर बसून त्याला पूर्ण गप्प न करता थोडे चालू ठेवते. नळ गच्च आवळण्याऐवजी अर्धा सोडून ठेवावा तसे. सप्टेंबरपर्यंत प्रोलॅक्टिन उतरले आणि पाळी सुरू झाली. मात्र तिच्या पायांत कळ बसल्यासारखी अस्वस्थता सुरू झाली. ती स्वयंपाकघरातून गॅलरीत आणि गॅलरीतून स्वयंपाकघरात सतत चालत राही. जेवतानाही उभी. याला अकॅथिसिया म्हणतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो आजारच वाढल्यासारखा दिसतो. हालचालींशी संबंधित डोपामिनच्या मार्गावर झालेला तो औषधाचा परिणाम आहे. प्रोप्रॅनोलॉलच्या गोळीने तो निम्म्यावर आला.

टोरांटोमध्ये हॅलोपेरिडॉल हे डी-२ अडवणारे औषध घेणाऱ्या रुग्णांच्या पेट स्कॅनवरून शितिज कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले होते की, साधारण ६५ टक्के डी-२ रिसेप्टर व्यापले गेले की गुण येण्याची शक्यता वाढते, ७२ टक्क्यांच्या पुढे प्रोलॅक्टिन वाढते आणि ७८ टक्क्यांच्या पुढे थरथर, ताठरपणा असे त्रास दिसू लागतात. म्हणजे गुण आणि त्रास यांमधली पट्टी किती अरुंद आहे, हे या आकड्यांवरून कळते. ‘डोस वाढवला तर लवकर बरी होईल ना?’ हा बाबांचा नेहमीचा प्रश्न त्यानंतर बंद झाला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आवाज पुन्हा चढले. तिने खाणे बंद केले, कारण आवाज तसे सांगत होते. पुण्यातल्या एका खासगी मनोरुग्णालयात तिला दाखल करावे लागले. तिची संमती देण्याची स्थिती नसल्याने मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ८९ खाली दाखल करण्यात आले. त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून बाबांचा अर्ज लागला आणि मानसोपचारतज्ज्ञ व आणखी एका डॉक्टरांनी तिची स्वतंत्र तपासणी केली. या कलमाखाली तीस दिवसांपर्यंत ठेवता येते आणि स्त्री रुग्णाला दाखल केल्याची माहिती तीन दिवसांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवणे रुग्णालयावर बंधनकारक असते. हे आम्हाला ठाऊक होते म्हणून सही करताना बाबांचा हात थरथरला तरी आपण मुलीला कोंडून ठेवत आहोत असे वाटले नाही. तिचे आणि प्रतिनिधीचे आधार कार्ड, जुन्या चिठ्ठ्या आणि औषधांची तारीखवार यादी एका फाइलमध्ये आधीच लावून ठेवावी.

रुग्णालयाचे बिल पंच्याऐंशी हजारांच्या घरात गेले. आमच्या आरोग्य विम्याच्या कंपनीने कॅशलेस नाकारले. त्याच कायद्याचे कलम २१(४) सांगते की शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांच्या उपचारांनाही विमा मिळाला पाहिजे. ते कलम नमूद करून लेखी तक्रार केल्यावर मार्च २०२३ मध्ये बहुतांश रक्कम परत मिळाली. तोंडी बोलण्यात वेळ न घालवता ई-मेलने लिहावे आणि नकारही लेखीच मागून घ्यावा.

रुग्णालयात सुरू केलेले ओलान्झापिन २० मिलिग्रॅमवर आठ आठवडे दिले. वजन वाढले, झोप लागली, खाणे सुरू झाले, पण आवाज हटले नाहीत. दोन वेगवेगळी औषधे पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी किमान सहा आठवडे, न चुकता घेऊनही लक्षणे राहिली तर त्याला उपचारांना दाद न देणारा स्किझोफ्रेनिया म्हणतात. मार्चमध्ये पुण्यातल्या डॉक्टरांनी हे शब्द उच्चारले तेव्हा आई उठून बाहेर गेली. मी मात्र थांबून विचारले की डोपामिन अडवूनही फरक का पडत नाही.

त्यांचे उत्तर मला या सगळ्यात सर्वांत मोलाचे वाटते. लंडनमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये पेट स्कॅनवर पाहिले, तेव्हा औषधांना चांगला प्रतिसाद देणाऱ्या रुग्णांत डोपामिनचे उत्पादन वाढलेले आढळले, आणि दाद न देणाऱ्यांत ते निरोगी माणसांएवढेच होते. म्हणजे एकाच नावाखाली आजाराचे किमान दोन प्रकार असू शकतात, आणि दुसऱ्या प्रकारात ग्लुटामेटसारख्या वेगळ्या संदेशवाहकाचा वाटा मोठा असावा असा संशोधकांचा कयास आहे. अशा रुग्णात डी-२ अडवणारी गोळी वाढवत नेली तर गुण न येता त्रासच वाढतो. क्लोझापिन डी-२ ला सैल पकडते आणि इतर अनेक रिसेप्टरवरही काम करते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत, आधीच्या औषधांनी गुण न आलेल्या रुग्णांपैकी सहा आठवड्यांत क्लोझापिनवर ३० टक्के सुधारले, तर क्लोरप्रोमाझिनवर केवळ ४ टक्के. ‘तिची इच्छाशक्ती कमी पडते’ किंवा ‘आमची सेवा कमी पडली’ असे जे घरात वर्षभर चालले होते, ते या उत्तराने संपले.

क्लोझापिनची भीती बाळगण्याचे कारणही खरे आहे. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधावरच्या काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी एकदम घटून मृत्यू झाले आणि अनेक देशांत ते मागे घेतले गेले. ते परत आले ते रक्ततपासणीच्या अटीवर. आमच्याकडे एप्रिल २०२३ मध्ये रात्री १२.५ मिलिग्रॅम, म्हणजे २५ च्या गोळीचा अर्धा तुकडा, असे सुरू झाले. पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीची तपासणी, त्यानंतर वर्ष पूर्ण होईपर्यंत पंधरवड्याने आणि पुढे महिन्याने. डॉक्टरांनी आमच्यासाठी आकडे लिहून दिले होते. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) २००० च्या वर असतील तर गोळी चालू, १५०० ते २००० च्या मध्ये असतील तर आठवड्यातून दोनदा तपासणी, १५०० च्या खाली गेले तर गोळी तत्काळ बंद आणि फोन. अहवालात बहुतेक वेळा न्यूट्रोफिलची टक्केवारी असते. एकूण पांढऱ्या पेशींना त्या टक्केवारीने गुणून संख्या काढावी लागते. ती मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या त्या मंगळवारच्या चौकोनात लिहीत गेले. प्रयोगशाळेत दर आठवड्याची तपासणी आहे असे सांगितल्यावर त्यांनी ३०० ऐवजी २०० रुपये घ्यायला सुरुवात केली. विचारून पाहावे, बहुतेक जण सवलत देतात.

पहिल्या महिन्यात नाडीचे ठोके फार वाढले, हृदयाच्या स्नायूला सूज नाही हे पाहण्यासाठी ईसीजी, सीआरपी आणि ट्रोपोनिन तपासले. रात्री तोंडातून इतकी लाळ येई की उशीवर दुपदरी टॉवेल घालावा लागे. सर्वांत दुर्लक्षित आणि धोकादायक त्रास म्हणजे बद्धकोष्ठता. क्लोझापिनने आतड्यांची हालचाल मंदावते आणि ती जिवावरही बेतू शकते, म्हणून दोन दिवस शौचाला झाले नाही की आम्ही डॉक्टरांनी सांगितलेले लॅक्टुलोज देतो. ताप किंवा घसा दुखणे आले तर पॅरासिटामॉल देऊन वाट न पाहता त्याच दिवशी सीबीसी करतो. ही सूचना आमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांच्या कागदांवरही ठळक लिहून ठेवली आहे. गोळी ४८ तासांहून जास्त काळ चुकली तर पूर्वीच्या डोसवर परत जाता येत नाही, पुन्हा १२.५ पासून चढावे लागते. त्यामुळे एक पाकीट घरी आणि एक प्रवासाच्या पिशवीत असे दोन ठिकाणी ठेवतो. घरात कुणी रुग्ण सिगारेट ओढत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण धुरामुळे क्लोझापिनची रक्तातली पातळी उतरते आणि सिगारेट एकदम सोडली तर ती चढते.

पुण्याच्या फेऱ्यांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाल्याने मोठा हातभार लागला. आम्ही दोघी बहिणीच बहुतेक वेळा जात होतो. खंबाटकीच्या घाटात तिला मळमळे म्हणून पुढची जागा धरत असू. जुलैपर्यंत डोस ३०० मिलिग्रॅमवर आला. ऑगस्टमध्ये स्वारगेटला उतरून रिक्षाची वाट पाहत असताना तिने आपणहून सांगितले, “ताई, बोलतात अजून. पण ते माझ्याबद्दल आहे असं वाटत नाही.” समोरून एमएच १२ च्या गाड्या जात होत्या आणि ती त्यांच्याकडे बघतही नव्हती.

आवाज मागे सरले तरी दुसरी बाजू उरली, आणि घरच्यांना तीच जास्त जड जाते. अंघोळीला उठण्यासाठी तासभर लागतो, काही करावेसे वाटत नाही, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, हिशेबाची दोन पाने सलग वाचता येत नाहीत. याला नकारात्मक आणि आकलनविषयक लक्षणे म्हणतात. डी-२ अडवणारी औषधे यावर फार चालत नाहीत, कारण इथे कपाळामागच्या भागात डोपामिन कमी पडणे हे एक कारण मानले जाते. जे आधीच कमी आहे ते अडवून काय होणार? तिला आळशी म्हणणे आमच्या घरात त्यामुळे बंद झाले. पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी उभ्या केलेल्या संस्थेच्या कामामुळे नातेवाइकांचे स्वमदत गट ही कल्पना आमच्यापर्यंत पोहोचली. तशाच एका गटातल्या आजींनी आम्हाला सांगितले की तिला ‘हे कर’ म्हणण्याऐवजी तिच्याबरोबर ते सुरू करून द्या. आम्ही ताटे घेण्यापासून सुरुवात केली, मग कपडे घड्या घालणे, मग बाबांच्या पेन्शनचा हिशेब.

जानेवारी २०२४ मध्ये दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज केला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. त्यासाठीच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर आधार, फोटो, राहण्याचा पुरावा आणि उपचारांची कागदपत्रे चढवावी लागली. मूल्यमापन आयडियाज या मोजपट्टीने होते. स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद व समज आणि काम या चार बाबींचे गुण देऊन त्यात आजाराच्या कालावधीचे गुण मिळवतात. तपासणीच्या दिवशी मंडळातले एक डॉक्टर रजेवर असल्याने आम्हाला पुढची तारीख मिळाली आणि प्रत्यक्ष कार्ड हाती यायला जूनअखेर उजाडली. मुलाखतीत घरचे लोक अभिमानापोटी ‘सगळं करते ती’ असे सांगून जातात. ती काय करते, कुणी आठवण केल्यावर करते आणि काय अजिबात करत नाही, हे तसेच्या तसे सांगावे. तिचे प्रमाणपत्र ४० टक्क्यांच्या वर आले, त्यामुळे बाबांना जुन्या करप्रणालीत कलम ८० डीडी खाली ७५,००० रुपयांची वजावट घेता येते.

कार्ड काढावे की नाही, यावर तिचा निर्णय आम्ही शेवटचा मानला. तिला महिनाभर ते नको होते. लग्नाचे काय, लोक काय म्हणतील, हे प्रश्न आईचे होते. तिचा प्रश्न वेगळा होता, की हे कायमचे असेल का. प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असते आणि पुन्हा मूल्यमापन होते, हे कळल्यावर तिने स्वतः अर्जावर सही केली.

हे मला किंवा माझ्या मुलांना होईल का, हे मीही एकदा डॉक्टरांना विचारले. सर्वसाधारण लोकसंख्येत आयुष्यभरातला धोका शंभरात एकाच्या आसपास असतो, रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत तो वाढून शंभरात नऊ-दहाच्या घरात जातो. म्हणजे भावंडांतले बहुसंख्य या आजारापासून दूरच राहतात. २०१४ मध्ये जगभरच्या संशोधकांनी एकत्र येऊन या आजाराशी संबंधित १०८ जनुकीय जागा नोंदवल्या, त्यांत डी-२ रिसेप्टरचे जनुकही आहे. पण प्रत्येक जागेचा वाटा अगदी किरकोळ असतो, आणि कुठल्याही एका जनुकावरून ‘तुम्हाला होणार’ असे सांगता येत नाही. आईच्या संगोपनाचा त्यात दोष नाही, हे डॉक्टरांनी तिच्याकडे पाहून सांगितले, आणि मला वाटते तेवढ्या एका वाक्यासाठी आईला बरोबर नेणे योग्य ठरले.

सध्या ती जुन्याच कार्यालयाच्या जीएसटीच्या नोंदी दुपारी दोन-तीन तास घरून करते. सीबीसी महिन्यातून एकदा आणि वजन, साखर, चरबी दर सहा महिन्यांनी तपासतो, कारण क्लोझापिनवर मधुमेहाचा धोका वाढतो. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियम या जोडऔषधाला मान्यता मिळाली. ते डी-२ ला हात न लावता मस्कॅरिनिक नावाच्या वेगळ्या रिसेप्टरमार्फत काम करते. ती बातमी तिनेच मला वाचून दाखवली आणि पुढच्या भेटीत विचारायच्या प्रश्नांच्या यादीत लिहून टाकली. डॉक्टर म्हणाले की जे औषध लागू पडले आहे ते तूर्त हलवायचे नाही, आणि तिला ते पटले. ज्यांना आज रात्रीच कुणाशी बोलण्याची गरज आहे, त्यांच्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालू असतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते.